मंदाबाईची उपडी ताटं

मंदाबाईनं पोटच्या पोरीची सोयरीक मोडावी म्हणून जेवणाच्या टेबलावर ताटं मुद्दाम उपडी मांडली, असं आमच्या गावात बोललं जायचं. मोठ्यानं नाही. बोअरिंगवर हंडे भरताना, धानगिरणीत आपला नंबर येईपर्यंत, साकोलीला जाणाऱ्या काळीपिवळीत मांडीला मांडी लावून बसल्यावर. सांगणारी आधी आजूबाजूला पाहायची, पदर तोंडाशी न्यायची आणि म्हणायची की कमावती पोरगी हाय, माय कायले सोडते तिले. ऐकणारी "बाप्पा" म्हणायची, आणि साकोली येईपर्यंत त्यात स्वतःची एक भर घालायची. कोणी म्हणे ताटाखाली लिंबू होतं. कोणी म्हणे काळे उडीद होते. गावाला एकदा चव लागली की मसाला कमी पडत नाही.

आता मंदाबाई कोण, ते आधी सांगतो.

धनीरामची बायको. धनीराम आमच्या आळीतला ट्रॅक्टरवाला. दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरवर चिखलणी करायचा आणि घरी येताना स्वतःवर इतका चिखल आणायचा की मंदाबाई त्याला अंगणातच उभा करून बादलीनं धुवायची. आम्ही ओट्यावरून हसायचो. तो म्हणायचा, हसा, तुमच्या बायका तुम्हाले धूत नाहीत म्हनून जळता. एका वर्षी त्याला कावीळ झाली. झाडपाला केला, मग भंडाऱ्याला नेलं, मग डॉक्टरनं घरी न्या म्हटलं. समोरच्या खोलीत खाटेवर असतानाच तो गेला. पोरगी गुड्डी तेव्हा शाळेत जात होती.

आमच्याकडे माणूस गेला की, जिथं जीव गेला ती जागा सारवतात, तिथं पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि पिठावर टोपली नाहीतर परात उपडी घालतात. सकाळी ती उचलून पिठात काय उमटलं ते बघायचं. त्यावरून गेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला ते ठरतं. धनीरामच्या वेळी म्हाताऱ्या मंडळींनी वाकून पाहिलं आणि पाखराचा पाय आहे म्हणाली. मला काही दिसलं नाही, पण सगळे पाखरू म्हणाले म्हणून मीही पाखरूच म्हणालो. गुड्डी दाराशी उभी राहून पिठाकडे पाहत होती. तिनं विचारलं, बाबा उडून गेले का? तेव्हापासून त्या घरात काय आणि आमच्या घरात काय, पाहुणे जेवायला येणार असले की ताट कोणी उपडं ठेवत नाही. भिंतीला टेकवू, आडवं ठेवू, पण उपडं नाही.

धनीराम गेल्यावर मंदाबाई रोवणीला गेली, निंदणीला गेली. मग नागझिऱ्याच्या वाटेवरच्या एका रिसॉर्टात भांडी घासायला लागली. जंगलात वाघ बघायला येणारी शहरी मंडळी तिथं उतरायची. बाई सकाळी डब्यात भात बांधून निघायची ते दिवस मावळायला परत. हातांना राखेचा नाही, साबणाचा वास. आम्ही विचारायचो, वाघ दिसला का व? ती म्हणायची, रोजच दिसते, जेवाले बसते आणि म्हनते भाजीत मीठ कमी हाय.

एकदा तिथला वाढणारा माणूस रजेवर गेला आणि टेबल मांडायचं काम हिच्या गळ्यात पडलं. तिथून बाईचं चित्त फिरलं. ती भांडी घासणारी मंदाबाई राहिलीच नाही. मॅनेजरनं तिला पांढरी चादर नीट कशी ताणायची, कापडी रुमालाचं कमळ कसं करायचं, ग्लास कोणत्या बाजूला ठेवायचा ते एकदा दाखवलं. पुढचं तिनं स्वतःच वाढवलं. ताटाखाली सागाचं पान. पाण्याच्या तांब्यात धानाच्या लोंब्या. शिंगाड्यांच्या दिवसांत मधोमध शिंगाड्यांची वाटी, काटे बाहेरच्या बाजूला वळवलेले, म्हणजे कोणाला टोचायला नकोत. पळस फुलला की पळस. वाघ न दिसलेली मंडळी तोंड पाडून जिप्सीतून उतरायची आणि टेबल पाहून आधी मोबाईल काढायची. मंदाबाई खांबाआड उभी राहून त्यांचं तोंड उजळताना बघायची. घरी येऊन गुड्डीला सांगायची. गुड्डी आम्हाला सांगायची. आम्ही गावाला.

तिथं व्हरांडा उघडा. पानं गळायची, धूळ उडायची. म्हणून पाहुणे येईपर्यंत ताटं आणि ग्लास उपडे ठेवायची पद्धत होती. गाडीचा आवाज आला की मंदाबाई टेबलाभोवती एक फेरी मारायची आणि एकेक ताट सुलटं करायची. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, काय व, रोज इतकी माणसं मारते आणि रोज जिवंत करते? ती हसली. भिंतीला भिंत लागून माझं घर, म्हणून ती मला सासऱ्याच्या मानानं मामाजी म्हणायची. म्हणाली, "मामाजी, तिथल्या माणसांले माहीत नाही ना. माहीत नसलं म्हनजे काही होत नाही."

घरी मात्र तिनं तसं कधी केलं नाही. घरी टेबलच नव्हतं. मायलेकी चुलीपुढे जमिनीवर बसून जेवायच्या. पण चहा द्यायची तोही असा, की कपाखाली बशी, बशीत कप मधोमध, शेजारी झेंडूचं एक फूल. फुलाचं काय करायचं ते मला कळायचं नाही. कानावर ठेवून मी चहा प्यायचो.

गुड्डी बारावी झाली आणि साकोलीला एका झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात बसायला लागली. दिसायला बापावर गेलेली, उंच, बोलायला कमी. तिच्यासाठी स्थळ आलं ते लाखनीकडच्या एका गावातलं. मुलगा राजकुमार, शिकलेला, शांत. घरी धानाची शेती, बोअर, ट्रॅक्टर. बाप इश्वर, गावात मान असलेला माणूस. मुलगा येऊन पोरगी पाहून गेला, पसंती कळवली. मंदाबाईला इतका आनंद झाला की तिनं आमच्या घरी येऊन दोनदा तेच सांगितलं आणि दोन्ही वेळा पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं. नवरा नसलेल्या, भांडी घासून आलेल्या बाईच्या पोरीला असं घर मिळतं, हे तिच्याइतकंच आम्हालाही नवल वाटत होतं. ते तिला कोणी बोलून दाखवलं नाही. म्हणजे मी दाखवलं नाही. बाकीच्यांचं सांगता येत नाही.

मग इश्वर एकदा कामानं इकडे आला आणि मंदाबाईच्या ओट्यावर टेकला. मी शेजारीच होतो, नसतो तर कसं चालेल. तो चांगलं बोलला. हुंडा नको म्हणाला, लग्न साधं करू म्हणाला. उठताना तेवढं म्हणाला, "वहिनी, एकच हाय. लग्न झाल्यावर ते हॉटेलातलं उष्टं-खरकटं काढनं बंद करा. आमचे सोयरे तिथं फिराले येतात. आमची विहीन टेबल पुसून राहिली, हे बरं दिसते का?"

मंदाबाई लगेच म्हणाली, "सोडते ना. त्यात काय."

हसून म्हणाली. मग आत जाऊन चुलीत नसलेला विस्तव बराच वेळ फुंकत बसली. गुड्डी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे पाहिलं. त्या दिवशी मायलेकींचं वाजलं. भिंत एकच असल्यामुळे ऐकावं लागलं. गुड्डी म्हणत होती मला नाही करायचं. माय म्हणत होती, काहून, पोरगा वाईट आहे का? नाही. घर वाईट आहे का? नाही. मग गप बस, असं घर पुन्हा येत नाही, मी काय जन्मभर लोकांची टेबलं मांडत राहू का? यावर गुड्डी म्हणाली, "तुले तेच तर आवडते." नंतर भांड्याचा आवाज आला.

इश्वरकडच्या मंडळींनी मंडईच्या दिवशी जेवायला यायचं ठरलं. मंडई म्हणजे आमची दिवाळीनंतरची जत्रा. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, म्हणजे सोयऱ्यांना सगळीकडे जाता यावं. त्या दिवशी ज्याच्या घरी पाहुणा नाही तो माणूस मोजण्यात नाही. दिवसा मटण, वडे, पाळण्यात फिरणं, रात्री नाटक, आणि मधल्या वेळात निम्म्या तालुक्याच्या सोयरिकी. जेवण झालं की साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायची, एवढंच बाकी होतं.

मंदाबाईनं ठरवलं, टेबलावर जेवू घालायचं. आळीत टेबल एकच, अंकुशच्या घरी. अंकुश पंचायत समितीत बाबू. टेबल त्यानं हौसेनं घेतलं आणि तेव्हापासून त्याच्या बायकोनं, तृप्तीनं, त्यावर कपड्यांना इस्त्री केली, गहू निवडले, पोराचा अभ्यास घेतला. जेवायला ते सगळे खालीच बसतात. अंकुश म्हणाला, न्या वहिनी, टेबलाले बी कळू द्या आपन कायच्यासाठी जन्माले आलो. चौघांनी ते उचललं. मी पाचवा, रस्ता दाखवायला. बुद्धविहाराच्या बाजूनं नेलं, कारण आमच्या बोळातून ते फिरेना. सगळी आळी दारात येऊन बघत होती, जणू वरातच.

ते टेबल मंदाबाईनं कसं मांडलं, ते मी पाहिलं. आजवर आमच्या गावात तसं कोणी मांडलं नाही. पांढरी चादर, इस्त्री केलेली, चारही बाजूंनी सारखी लोंबलेली. भंडाऱ्याच्या पितळी लोट्यात नव्या धानाच्या लोंब्या, भाताच्या तणसाच्या दोरीनं बांधलेल्या. ताटाखाली सागाची पानं, देठ सगळे एका दिशेला. ताटात कापडाचं कमळ. वाट्या उजवीकडून लहान होत गेलेल्या. खोली अंधारी, खिडकी एक, म्हणून मधोमध समई. लिंबाच्या फोडीसुद्धा तिनं सालीचा एक झुपका ठेवून कापल्या होत्या. तृप्ती म्हणाली, "वहिनी, हे मोडून जेवाचं कसं?" मंदाबाई टेबलाभोवती फिरत राहिली, एक ताट अंगठ्यानं तसूभर सरकवायची, मागं होऊन बघायची, पुन्हा सरकवायची. मी बघत होतो. बाईच्या तोंडावर मी तसं समाधान ना लग्नात पाहिलं, ना पोर झाल्यावर. आणि हे ती सोडणार होती.

ताटं सुलटी होती. हे मी पाहिलं, तृप्तीनं पाहिलं, अंकुशनं पाहिलं.

दुपारी पाहुण्यांची गाडी आली. आम्ही बाप्ये सामोरे गेलो. मंदाबाई डोक्यावर पदर घेऊन अंगणात पाय धुवायला पाणी द्यायला उभी राहिली. तृप्ती मागच्या चुलीवर वडे तळत होती. गुड्डीला समई लावायला सांगितलं होतं. इश्वर, त्याची बायको, राजकुमार, एक काका, आणि सगळ्यांच्या मागून काठी टेकत इश्वरची माय चंद्रभागाबाई. म्हातारीला मंडई बघायची होती म्हणून आणलेली. पाय धुतले, तोंड पुसलं, राजकुमार लाजून चपलेचा अंगठा शोधत राहिला. मंदाबाई पुढे झाली, "या ना, चला," म्हणत घराकडे वळली, उंबऱ्यावर पोचली आणि क्षणभर थांबली. मागचे तिच्या पाठीवरच आले. मग ती बाजूला झाली आणि तिनं त्यांना वाट दिली.

टेबलावर सगळी ताटं उपडी होती. ग्लास उपडे. मधोमध दिवा जळत होता, खाली पांढरी चादर.

इश्वर आत गेला, त्याला काही कळलं नाही. पुरुषांना अशा गोष्टी सांगाव्या लागतात. म्हातारी मात्र उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. तिनं काठी चौकटीला आडवी लावली आणि विचारलं, "इथं कोनाचा जीव गेला व?"

गेला होताच. त्याच खोलीत, त्याच जागी. सगळ्या आळीला माहीत होतं.

तृप्ती मागच्या दारातून वड्यांची परात घेऊन आली आणि तिथंच थिजली. मी गुड्डीकडे पाहिलं. ती भिंतीशी उभी, नवी साडी, काड्यापेटी अजून मुठीत. तिचं तोंड असं झालं होतं की आता रडते का बोलते. तिनं ओठ उघडलेही. तेवढ्यात मंदाबाई म्हणाली, "मी घातली, माय. माझ्याच हातानं. तिथल्या कामाची सवय."

इश्वर भला माणूस. तो हसण्यावारी न्यायला लागला, वाकून स्वतः एक ताट सुलटं केलं, त्याखालचं कापडाचं कमळ चिरडून चपटं झालं होतं. म्हणाला, चला चला, सवयीचं काय घेऊन बसले. पण म्हातारीनं पाठ फिरवली होती. अंगणातून तिचा आवाज आला, की ज्या बाईला घरच्या पाहुण्यात आणि धंद्याच्या पाहुण्यात फरक कळत नाही तिची लेक आपल्या घरी नको; आणि कळत असून घातली असतील तर मुळीच नको. मग एकेक करून सगळे बाहेर आले. राजकुमार शेवटी. त्यानं गुड्डीकडे पाहिलं. गुड्डीनं पाहिलं नाही. पाणीसुद्धा न पिता गाडी गेली. तिकडे जत्रेत पाळण्याचा भोंगा वाजत होता.

अन्न होतं, ते टाकायचं का? आळीतल्या बायांनी पोरांना आपापल्या घरात ओढून घेतलं, त्या खोलीतलं कोणाला खायचं नव्हतं. अंकुश म्हणाला, आमी बसतो. अंकुश, तृप्ती, त्यांचं पोरगं आणि मी, असे बसलो. मटण उत्तम झालं होतं. मंदाबाई आमच्या मागे उभी राहून वाढत होती, डाव्या हातानं पदर धरून, रिसॉर्टात वाढायची तसं. अंकुशनं दोनदा भात मागून घेतला, भूक नसताना.

दुसऱ्या दिवसापासून म्हातारीचं वाक्य गावात फिरायला लागलं, आणि त्यातलं पुढचं अर्धं जास्त चाललं. कळत असून घातली. कायले घातली? पोरीचा पगार. एकटीनं राहायला लागू नये म्हणून. रिसॉर्टातला पगार, पोरीचा पगार, दोन्ही हातांत लाडू. मंदाबाईच्या कानावर गेलं. तिनं नाकारलं नाही. मी एकदा न राहवून तिला छेडलं. म्हटलं, खरं सांग बाई, मुद्दाम घातली का? मला वाटलं चिडेल, शिव्या देईल, मला ते आवडलं असतं. ती तांदूळ निवडत होती. खडा उचलून बाजूला टाकला आणि म्हणाली, "मुद्दामच घातली, मामाजी. पोरीचा काही दोष नाही. जिथं बोलान तिथं एवढं सांगजा."

मी सांगितलं. सांगण्यात मी कधी कमी पडलो नाही.

त्यानंतर तिला कोणी हळदीला बोलवेना. लग्नघरी गेली तर "मंदाबाई, तू मांडवात बस ना, आत गर्दी हाय," म्हणायचे. पंगतीत ताटं मांडायला तिचा हात पुढे झाला की कोणी तरी ताटांची चळत तिच्या हातून अलगद काढून घ्यायचं. तिच्या नणंदेची मंडळी मंडईला यायची थांबली. पुढच्या मंडईला तिनं चार माणसांचा स्वयंपाक केला आणि दुपारभर ओट्यावर बसून राहिली. अंकुशच्या घरचे तेवढे येऊन जेवले. त्याच्या पुढच्या मंडईला तिनं रिसॉर्टात मागून ड्युटी घेतली. गाव पाहुण्यांनी भरलेलं आणि ही बाई जंगलाच्या कडेला अनोळखी लोकांसाठी चादर ताणत होती. तिथं तिचं कौतुक व्हायचं. एका पाहुणीनं तिच्या टेबलाचा फोटो काढला, तिचा हात धरून थँक्यू म्हणाली. हे तिनं मला सांगितलं आणि सांगताना तो हात दुसऱ्या हातात धरून ठेवला.

गुड्डीचं लग्न झालं, दोनेक वर्षांनी, गोंदियाकडच्या अतुलशी. एसटीत मेकॅनिक, हसरा पोरगा. मध्यस्थाला मंदाबाईनं आधीच सांगून ठेवलं होतं की जे झालं ते मायच्या हातून झालं, पोरगी साधी आहे. त्यानं ते तिकडे तसंच सांगितलं. तिकडचे म्हणाले, मायला काय, ती थोडीच नांदायला येणार आहे. लग्नात व्याह्यांच्या पंगतीला टेबलं होती. अंकुश म्हणाला, वहिनी, एक टेबल तुमी लावा. मंदाबाई म्हणाली, नको, कोनाच्या डोळ्यांत येईन. ती मागच्या बाजूला भात शिजवलेल्या गंजापाशी बसून राहिली. लेकीच्या लग्नातली टेबलं केटरिंगवाल्यांनी लावली. चादरी एका बाजूला लोंबत होत्या, दुसऱ्या बाजूला उघडं प्लायवूड. ती लांबून बघत होती. उठून एकही सरळ केली नाही.

गुड्डी माहेरी यायची. आली की मायच्या पाठीला तेल लावायची, तिच्या साड्यांना फॉल लावून द्यायची, कामं शोधून शोधून करायची. माय म्हणायची, बस ना व, पाहुनी आली तू. पाहुणी म्हटलं की पोरगी उठून अंगण झाडायला लागायची.

यंदा धान कापणीला यायच्या आधी मंदाबाईला ताप आला. दोन दिवस अंगावर काढला, तशीच कामाला गेली. तिसऱ्या दिवशी तिथंच चक्कर येऊन पडली. साकोलीहून भंडाऱ्याला नेलं. गुड्डी आणि अतुल पोचले तेव्हा ती बोलत होती; काय बोलली ते मला माहीत नाही, गुड्डीनंही सांगितलं नाही. परत आणली ती गाडीत आडवी.

तेरवीला सगळं गाव आलं. हे सांगायला हवं. ज्या घरात इतकी वर्षं कोणी पाण्याला शिवलं नाही, त्या अंगणात पंगतीमागून पंगत बसली. तेरवीला नाही म्हणता येत नाही. नणंदेकडचे आले. बोअरिंगवरच्या, धानगिरणीतल्या, काळीपिवळीतल्या सगळ्या आल्या, "चांगली होती बिचारी" म्हणाल्या, वरण पुन्हा मागून घेतलं. रिसॉर्टाचा मॅनेजर येऊन कोपऱ्यात उभा राहिला, कोणाशी काय बोलावं त्याला कळेना. गुड्डी कमरेला पदर खोचून पत्रावळी मांडत होती. प्रत्येक पत्रावळ दोन्ही हातांनी, देठ एका दिशेला. एका बाईनं म्हटलं, राहू दे व, कशीबी टाक, माणसं बसली हायत. गुड्डीनं ऐकलं नाही.

शेवटच्या पंगतीला मी होतो. लोक हात धुऊन निघून गेले. अंकुशनं त्याचं टेबल भांडी ठेवायला आणलं होतं, ते रिकामं अंगणात उभं होतं. गुड्डी माझ्यासमोर खाली बसली. डोळे कोरडे होते. म्हणाली, "आबाजी, तुमी मायचं गावभर सांगितलं ना. आता माझंबी सांगा." मी म्हटलं, काय सांगू? मग तिनं सांगितलं. मी विचारलं, अतुलरावांना माहीत आहे का? म्हणाली, सकाळी सांगितलं. अतुल विहिरीजवळ भाताचा गंज घासत होता, त्यानं वर पाहिलं नाही.

तिनं सांगितलं ते एवढं. ताटं मंदाबाईनं उपडी घातली नव्हती. माय अंगणात पाणी देत असताना ती गुड्डीनं घातली, आणि समजून-उमजून घातली. त्या लग्नानं मायचं टेबल मांडायचं काम सुटणार होतं, ते गुड्डीला नको होतं. मंदाबाईनं उंबऱ्यावरून ते पाहिलं, दोघींची नजरानजर झाली, आणि तिनं दोष स्वतःवर घेतला. त्यावर मायलेकी आपसात कधी बोलल्या नाहीत.